सूर्याचा अखंड उजेड आणि एक जास्तीचा इलेक्ट्रॉन

घोडबंदरकर (धागालेखिका), ठाणे

आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत, येऊरच्या डोंगराच्या बाजूला, सोडियमचा एक जुना दिवा अजून शिल्लक आहे. बाकी सगळ्या खांबांवर एलईडी आले. माझी भाची बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, नेरूळला राहते आणि शनिवारी ट्रान्सहार्बरने माझ्याकडे येते. गेल्या शनिवारी आम्ही दोघींनी बुटांच्या खोक्याचा वर्णपटदर्शक केला. एका टोकाला ब्लेडच्या दोन पात्यांमध्ये केसाएवढी फट ठेवली आणि दुसऱ्या टोकाला जुन्या डीव्हीडीचा, चंदेरी थर सोलून काढलेला तुकडा तिरका चिकटवला. खोके दिव्याकडे रोखल्यावर पिवळ्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर एक काळी उभी फट दिसली. भाचीने लगेच विचारले, "मावशी, दिवा सोडियमचा आहे, मग सोडियमच्याच रंगाच्या जागी अंधार कसा?"

उच्च दाबाच्या या दिव्यात नळीच्या मध्यभागी सोडियमची वाफ खूप तापलेली असते आणि नळीच्या भिंतीकडे ती तुलनेने थंड असते. मधून निघालेला ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश ही कडेची वाफ गिळून टाकते, म्हणून रंगाच्या जागी फट पडते. सूर्याच्या वर्णपटात फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास ज्या काळ्या रेषा मोजायला घेतल्या, त्यांतली सोडियमची जोडरेषा याच कारणाने काळी आहे. इथवर आमचे बोलणे सरळ चालले होते. तिचा पुढचा प्रश्न मात्र मला थांबवणारा होता. "रेषा कळल्या, पण रेषा सोडून उरलेला जो अखंड उजेड आहे, तो कुणाचा?"

हा प्रश्न वाटतो त्याहून पुष्कळ कठीण आहे, आणि या धाग्याचे कारणही तोच आहे. सूर्य वायूचा गोळा असूनही त्याची कड आपल्याला रेखीव दिसते. याचा अर्थ दीप्तिगोलातला, म्हणजे सूर्याच्या आपल्याला दिसणाऱ्या थरातला, वायू दृश्य प्रकाशाला जवळजवळ सगळ्याच रंगांत अडवतो, म्हणजे तो अपारदर्शक आहे. तो तसा कशामुळे होतो? मेघनाद साहांनी १९२० मध्ये आयनीभवनाचे (किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात याचे) समीकरण मांडले, त्याच्या आधारे सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात ताऱ्यांमध्ये हायड्रोजन प्रचंड प्रमाणात असल्याचे दाखवले, आणि तेव्हा त्या निष्कर्षावर अविश्वास दाखवणाऱ्या हेन्री नॉरिस रसेल यांनीही १९२९ पर्यंत तो स्वीकारला. तिथेच नवी अडचण उभी राहिली, कारण साधा हायड्रोजन अणू दृश्य प्रकाशाला फारसा अडवतच नाही.

हा हिशेब आम्ही वहीत करून पाहिला. दृश्य प्रकाशाच्या बहुतेक पट्ट्यातला उजेड सलग शोषायचा, तर हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन आधीच तिसऱ्या पातळीवर चढलेला हवा. ती पातळी तळापासून सुमारे १२.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट उंच आहे, आणि दीप्तिगोलाचे तापमान ५,८०० केल्व्हिन धरले तर औष्णिक ऊर्जा जेमतेम अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. बोल्ट्झमनच्या सूत्राने दहा अब्ज अणूंमागे तीनच्या आसपास अणू तिथे सापडतात. एवढ्यांच्या बळावर सूर्याला कड येणार नाही.

उत्तर १९३९ मध्ये रूपर्ट विल्ट यांनी सुचवले. हायड्रोजनचा काही अगदी थोडा भाग एक जास्तीचा इलेक्ट्रॉन धरून ठेवतो आणि ऋण हायड्रोजन आयन बनतो. मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह असे सहज आयनीभूत होणारे अणू हे इलेक्ट्रॉन पुरवतात. दीप्तिगोलात दहा कोटी हायड्रोजन अणूंमागे असे तीनचार आयन असतात. म्हणजे तिसऱ्या पातळीवरच्या अणूंच्या शंभर पट. शिवाय त्यांचा जास्तीचा इलेक्ट्रॉन ०.७५४ इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढ्या क्षीण बंधाने धरलेला असल्यामुळे दृश्य प्रकाशाचा कुठलाही रंग त्याला उडवून लावू शकतो. तो पुन्हा जोडला जातो, तेव्हा प्रकाश बाहेर पडतो. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर पडणारे ऊन बव्हंशी या आयनाच्या हातून सुटलेले असते.

हे ऐकून भाची म्हणाली की मग तो आयन खरोखर टिकतो हे आपण कागदावर दाखवू. तिने अभ्यासक्रमातली चलन पद्धत घेतली, म्हणजे अंदाजाचे तरंगफलन (इलेक्ट्रॉन कुठे सापडेल ते सांगणारे) बदलत कमीत कमी ऊर्जा शोधायची; ती खऱ्या ऊर्जेच्या खाली कधीच जात नाही. दोन्ही इलेक्ट्रॉनांना एकसारखे घातांकी तरंगफलन दिले, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनाला जाणवणारा केंद्रभार ११/१६ आला. ऊर्जा निघाली उणे ०.४७२७ हार्ट्री (अणूंच्या गणितातले ऊर्जेचे एकक). एकट्या हायड्रोजन अणूची ऊर्जा उणे ०.५ असते. म्हणजे तिच्या वहीप्रमाणे जास्तीचा इलेक्ट्रॉन धरून ठेवण्यापेक्षा सोडून दिलेला बरा, आणि वहीप्रमाणे सूर्याला कड नाही.

आता मूळ मुद्दा. एमएस्सीला ताऱ्यांचे खगोलशास्त्र घ्यावे की पदार्थ आणि रेणूंची संगणकीय भौतिकी घ्यावी, यावर तिच्या घरी दोन महिने चर्चा चालू आहे. तिच्या एका प्राध्यापकांनी तिला ताऱ्यांच्या नादी लागू नकोस, ते हौसेचे काम आहे, असे सांगितले, आणि ते तिला फार लागले. मला ही फारकतच चुकीची वाटते. ताऱ्याचा उजेड वाचायचा तर अणुरेणूंचे गणित यावे लागते, आणि ते गणित किती कच्चे आहे याची परीक्षा तारा घेतो. जाणकारांनी यावर लिहावे, आणि ११/१६ चे पुढे काय करायचे तेही सांगावे.

खाडीपलीकडचा, खारघर

ताई, मी घन पदार्थांच्या पृष्ठभागांची संगणकीय गणिते करतो, त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाच्या अगदी जवळचा आहे. तुमच्या भाचीचे उत्तर चुकलेले नाही. तिची पद्धत जेवढे सांगू शकते तेवढे तिने बरोबर काढले आहे. घातांकी फलनाऐवजी शक्य तितके चांगले फलन घेतले, पण दोन्ही इलेक्ट्रॉनांना एकच कक्षा देण्याचा हट्ट कायम ठेवला, तर हार्ट्री-फॉक पद्धतीने उणे ०.४८७९ मिळते. तरीही आयन टिकत नाही. खरी ऊर्जा उणे ०.५२७८ आहे. ताऱ्याच्या बाबतीत जे महत्त्वाचे, ते सगळे या फरकात दडलेले आहे.

चूक अशी की आपण दोन्ही इलेक्ट्रॉनांना जुळ्यांसारखे वागवतो. प्रत्यक्षात ते एकमेकांना टाळतात. एक केंद्राजवळ बसतो आणि दुसरा लांब रेंगाळतो. चंद्रशेखर यांनी १९४४ मध्ये नेमके हेच तरंगफलनात घातले. एका इलेक्ट्रॉनाला १.०३९ आणि दुसऱ्याला ०.२८३ असा वेगळा घातांक द्यायचा, आणि कोणता इलेक्ट्रॉन कोणता हे सांगता येत नसल्यामुळे अदलाबदल केलेले पद त्यात मिळवायचे. एवढ्यावर ऊर्जा उणे ०.५१३३ होते आणि आयन टिकतो. त्यात दोन इलेक्ट्रॉनांमधील अंतराचे एक पद घातले की उणे ०.५२५९ पर्यंत पोचता येते. पुढे १९४६ मध्ये त्यांनी फ्रान्सेस ब्रीन यांच्याबरोबर या आयनाच्या शोषणाचे कोष्टक प्रसिद्ध केले. श्वेत बटूंच्या (विझलेल्या ताऱ्यांच्या) वस्तुमानाच्या मर्यादेमुळे आपण ज्यांना ओळखतो, त्या माणसाने दोन इलेक्ट्रॉनांच्या एका आयनावर एवढी मेहनत का घेतली, हे तुमच्या भाचीच्या प्रश्नावरून छान कळते.

आता माझ्या बाजूचे सांगतो. होहेनबर्ग आणि कोन यांचा १९६४ चा सिद्धांत आणि कोन व शॅम यांची १९६५ ची समीकरणे यांवर डेन्सिटी फंक्शनल थिअरी (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याची पद्धत) उभी आहे, आणि आज पदार्थांची बहुतेक गणिते तिच्या आधाराने होतात. पण तिच्या सर्वांत साध्या रूपात ऋण हायड्रोजन आयन घातला, तर जास्तीचा इलेक्ट्रॉन बांधला जात नाही. त्या रूपात इलेक्ट्रॉन काही अंशी स्वतःलाच दूर लोटतो. हा दोष नाहीसा करण्याचा एक मार्ग पर्ड्यू आणि झुंगर यांनी १९८१ मध्ये दिला. दोन इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन एवढ्या लहान प्रणालीत जी चूक उघडी पडते, तीच चूक सिलिकॉनच्या बाबतीत आणखी काही कारणांशी मिसळून येते, आणि तिथे प्रयोगात १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट असलेली ऊर्जादरी (बांधलेला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) गणितात ०.६ च्या आसपास दिसते. सौर पटलांसाठी नवे पदार्थ शोधणाऱ्याला हे रोज भेडसावते. म्हणून हौसेचे काम आणि उपयोगाचे काम ही वाटणी मला मान्य नाही.

रोहिणीपाशी, ठाणे

घोडबंदरकर ताई, आपल्या म्हणण्याचा मला आदर आहे, पण एक बाजू सुटते आहे असे वाटते. मी बावीस वर्षे आकाश पाहते आहे. तारा पाहणे म्हणजे त्याचे गणित करणे एवढेच नाही; आधी काहीतरी बदलले आहे हे कुणाच्या तरी नजरेला यावे लागते. डिसेंबर २०१९ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत मी उपवनजवळच्या आमच्या गच्चीवरून मृगातला काक्षी (बेटेलज्यूज) तारा दर निरभ्र रात्री रोहिणीच्या शेजारी ठेवून पाहिला. एरवी तो रोहिणीहून उजळ असतो. फेब्रुवारीत तो उघड्या डोळ्यांनी पाहतानाही स्पष्टपणे तिच्याहून मंद होता. त्याची प्रत (हा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) १.६ पर्यंत घसरली होती. आपल्या इथल्या उजळलेल्या आकाशातही हे दिसले, आणि ते कळायला कोणतेही समीकरण लागले नाही.

तरी पुढची गोष्ट तुमच्याच बाजूची आहे, ती लपवणार नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या दुर्बिणीच्या प्रतिमांवरून असे दिसले, की ताऱ्याचा एक भाग थंड झाला आणि त्याने आधी फेकलेल्या वायूतून धुळीचा ढग तयार होऊन आपल्या दृष्टिरेषेत आला. वायूचे रेणू एकत्र येऊन धुळीचा पहिला कण कसा बनतो, किती तापमानाला बनतो, हे दुर्बिणीतून दिसत नाही. तिथे खारघरच्या मंडळींचे काम सुरू होते.

विजयदुर्गवासी, सध्या कळवा

विषय सूर्यप्रकाशाचा निघाला आहे म्हणून आठवण करून देतो, की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावरून लॉकियर साहेबाने हेलियम शोधला. किल्ल्यावर साहेबाचे ओटे आजही आहेत आणि आम्ही लहानपणी त्यांवर खेळलो आहोत. ठाण्यामुंबईच्या मुलांना हे शाळेत सांगितले पाहिजे.

घोडबंदरकर (धागालेखिका)

काका, ते ओटे मीही पाहिले आहेत आणि त्या जागेबद्दल मला ममत्व आहे, तरी एक दुरुस्ती करायला हवी. लॉकियर त्या ग्रहणाला भारतात नव्हते. त्या दिवशी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट घेतला. सोडियमच्या जोडरेषेजवळची पण तिच्याशी न जुळणारी पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरवर आहे. ती अज्ञात मूलद्रव्याची असावी हा विचार लॉकियर यांचा, आणि पृथ्वीवर तो वायू रॅम्झी यांना १८९५ मध्ये मिळाला. ग्रहणाचा पट्टा कोकणावरून गेला होता, हे मात्र खरेच आहे.

आपण हेलियम काढलात ते फार बरे केलेत, कारण हेलियम आणि आपला ऋण आयन यांच्यात इलेक्ट्रॉन सारखेच दोन आहेत. फक्त केंद्रावरचा भार एकाच्या बाबतीत दोन आणि दुसऱ्याच्या बाबतीत एक आहे. भाचीची तीच वहीतली पद्धत हेलियमला लावली तर उणे २.८४७७ हार्ट्री येते, आणि खरा आकडा उणे २.९०३७ आहे. दोन टक्क्यांची चूक. हेलियमचा केंद्रभार जोरदार असल्यामुळे एवढी चूक खपून जाते. ऋण हायड्रोजनमध्ये ओढ इतकी कमी आहे, की इलेक्ट्रॉनांचे एकमेकांना टाळणे हाच त्याच्या अस्तित्वाचा आधार ठरतो. हा फरक मला शिकवण्याच्या इतक्या वर्षांत असा शेजारी ठेवून दाखवावासा वाटला नव्हता, याची आता हळहळ वाटते.

विजयदुर्गवासी

दुरुस्ती मान्य आहे, ताई. गावच्या पुढच्या बैठकीत हे असेच सांगेन.

ऐरोलीचा वाचक

माझे शिक्षण अभियांत्रिकीचे, त्यामुळे एक साधी शंका विचारतो. सूर्यावर अणू ठीक आहेत, पण रेणू आणि घन पदार्थ एवढ्या उष्णतेत टिकतात कसे? ते टिकत नसतील, तर रेणूंच्या आणि पदार्थांच्या भौतिकीचा ताऱ्यांशी संबंध किती खोल आहे?

खाडीपलीकडचा

शंका रास्त आहे. सूर्यावरच्या डागांचा मधला गडद भाग आजूबाजूपेक्षा बराच थंड असतो. मोठ्या डागात तापमान ३,२०० केल्व्हिनच्या आसपास उतरू शकते. तिथल्या अवरक्त वर्णपटात रेषांची इतकी दाटी असते की ती कुणाची हे ओळखणेच अवघड होते. १९९५ मध्ये त्यांतल्या कित्येक रेषा पाण्याच्या वाफेच्या असल्याचे दाखवले गेले, आणि १९९७ मध्ये त्यांतल्या रेषांना रेणूच्या नेमक्या कोणत्या संक्रमणांचे नाव द्यायचे, हे मूलभूत क्वांटम गणितातून ठरवले गेले. प्रयोगशाळेत पाणी इतके तापवून प्रत्येक रेष ओळखणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे गणित हाच मार्ग होता. २००६ मध्ये लंडनच्या गटाने तापलेल्या पाण्याच्या रेषांची जी यादी गणिताने तयार केली, तीत ५० कोटींहून अधिक रेषा आहेत. लाल ताऱ्यांमध्ये टायटॅनियम ऑक्साइड असतो, आणि त्याचे पट्टे पाहूनच त्यांचा वर्ग ठरवतात.

घन पदार्थाचे उदाहरण तर याहून विलक्षण आहे. सूर्यासारखा तारा संपल्यावर पृथ्वीएवढा श्वेत बटू उरतो. त्याच्या गाभ्यातले कार्बन आणि ऑक्सिजनचे केंद्रक इलेक्ट्रॉनांच्या समुद्रात इतके दाटीने असतात, की थंड होताना ते स्फटिकात बसतात. हा अंदाज व्हॅन हॉर्न यांनी १९६८ मध्ये बांधला होता. विद्युत ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या सुमारे १७५ पट झाली की गोठणे सुरू होते, हा आकडा संगणकावर कणांची हालचाल घडवून मिळतो, अगदी त्याच मॉन्टे कार्लो पद्धतीने जी मी धातूंसाठी वापरतो. गोठताना सुप्त उष्णता बाहेर पडते, तारा निवण्याचा वेग मंदावतो आणि त्या टप्प्यावर ताऱ्यांची गर्दी दिसायला हवी. ताऱ्यांची अंतरे मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजमापांत ती गर्दी २०१९ मध्ये दाखवली गेली. बर्फाच्या ट्रेमधले पाणी गोठेपर्यंत शून्य अंशावर रेंगाळते, तेच इथे एका अख्ख्या ताऱ्याच्या आयुष्यात घडते.

रोहिणीपाशी

हे वाचून माझा आग्रह थोडा सैल झाला. एक व्यावहारिक गोष्ट मात्र सांगते. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आकाश मिटलेले असते, आणि या विषयातली हौशी मुले तेव्हाच गळतात. त्या महिन्यांत गायाची खुली आकडेवारी घ्यावी, ताऱ्यांच्या उत्क्रांतीसाठी मेसा आणि पदार्थांच्या गणितासाठी क्वांटम एस्प्रेसो या दोन्ही प्रणाली फुकट मिळतात त्या बसवून पाहाव्यात, आणि ऑक्टोबरात पुन्हा गच्चीवर यावे. पदवीचा विषय कोणताही घेतला, तरी दुसऱ्या विषयाचा एक तरी पेपर वैकल्पिक म्हणून घ्यावा, एवढेच मी तुमच्या भाचीला सांगेन.

नवी_वही, नेरूळ

मी धागालेखिकेची भाची. मावशीने सांगितले म्हणून इथे खाते उघडले. सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार.

खाडीपलीकडचा दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन वेगळे घातांक घेऊन मी पायथनमध्ये साठेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या दिवशी उत्तर उणे ०.६१ आले, जे खऱ्या ऊर्जेच्याही खाली आहे आणि चलन पद्धतीत तसे होऊच शकत नाही, म्हणून चूक माझीच हे नक्की होते. अदलाबदलीच्या पदासाठी लागणारे प्रसामान्यीकरण मी विसरले होते. ते घातल्यावर काल रात्री साडेअकराला पडद्यावर उणे ०.५१३३ उमटले, आणि घातांक १.०४ व ०.२८ च्या जवळ स्थिरावले. मी आईला उठवून दाखवले. एकाचे फलन केंद्रालगत उंच आणि दुसऱ्याचे लांबवर पसरलेले, असा आलेख काढून वहीत चिकटवला आहे.

प्रवेशाबद्दल मी असे ठरवले आहे की जिथे दोन्ही विषयांचे वैकल्पिक पेपर घेता येतात, तिथलेच अर्ज भरायचे, आणि प्रकल्प शक्यतो थंड ताऱ्यांच्या रेणूंवर मागायचा. प्राध्यापकांचे म्हणणे मनाला लागले होते, पण त्यांना हा आलेख नेऊन दाखवणार आहे.

आता अडले आहे ते पुढच्या पायरीवर. दोन इलेक्ट्रॉनांमधील अंतराचे पद घातले की माझी संकलने सुटत नाहीत, कारण तिथे कोनही मध्ये येतो. यावर काय करावे?

खाडीपलीकडचा

अभिनंदन. खऱ्या ऊर्जेखाली गेलेले उत्तर पाहून लगेच आपल्या प्रोग्रॅमवर शंका घेतलीस, हे मला त्या आकड्याहून जास्त आवडले.

कोन टाळण्यासाठी हिलेरास यांनी हेलियमसाठी १९२९ मध्ये वापरलेले सहनिर्देशक घे. दोन्ही इलेक्ट्रॉनांच्या केंद्रापासूनच्या अंतरांची बेरीज हा पहिला, त्यांची वजाबाकी हा दुसरा, आणि त्यांच्यातले परस्पर अंतर हा तिसरा. आकारमानाचा घटक मग परस्पर अंतर गुणिले (बेरजेचा वर्ग वजा वजाबाकीचा वर्ग), एवढा सोपा होतो. मर्यादा लक्षात ठेव: परस्पर अंतर बेरजेहून मोठे होऊ शकत नाही आणि वजाबाकीच्या परिमाणाहून लहान होऊ शकत नाही. गतिज ऊर्जेच्या पदांत मिश्र अवकलजे येतील, ती सावकाश लिही. नवीन पदाचा गुणक आधी शून्य ठेवून प्रोग्रॅम चालव, उणे ०.५१३३ परत आले, तरच त्या गुणकाला हात लाव. घातांकही त्याच्याबरोबर पुन्हा मोकळे सोडलेस, तर तो ०.३१ च्या आसपास थांबायला हवा.